त्यांचं पाणी

“आई जे बोलेल तेच मराठीत सांगायचं. पदरचा शब्द घालायचा नाही आणि तिचा गाळायचा नाही. जमेल?” प्रांतसाहेबांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं.

“ते पोरगीच हाय ना तिची, साहेब,” बापूसाहेब तळणकर मधेच म्हणाले. “मायले नाही आलं तं पोरगी सांगून देईन. आपल्याले काय समजते?”

“मग तुमच्याकडचा कोणी द्या, ही भाषा येणारा.”

बापूसाहेब हसले. “आमच्यात कोन बोलते ते भाषा? पळोट्यायचं बोलनं ते.”

प्रांतसाहेबांनी टोपी नीट केली, काठी घेतली आणि नाल्यात उतरले. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे आई, मग सोनायकाकू आणि झुमकीवहिनी. सगळ्यांत मागे पार्बती आत्या. तिचा गुडघा धरलेला होता, पण ती घरी थांबायला तयार नव्हती. बापूसाहेब आपल्या दोन माणसांना घेऊन कडेकडेने चालत होते. आणि त्याहून लांब, आमचं बोलणं कानावर पडणार नाही इतक्या अंतरावर, शर्वरीताई. ‘तुम्ही या, पण एक अक्षर बोलायचं नाही,’ असं साहेबांनी त्यांना सकाळीच बजावलं होतं.

ही गोष्ट मी बारावी झाले त्या वर्षीची. माघ महिना होता. दरीतल्या सागांची पानं गळून गेली होती आणि पायाखाली नुसता चुरचुर आवाज.

आमचं गाव दाभाटोक, सातपुड्याच्या पायथ्याला. आमची भाषा बोलणारी गावं मोजकीच. आम्ही स्वतःला तेमर म्हणतो. तेमर म्हणजे इथले. खाली मैदानातल्या गावांत मात्र आम्हाला तेमर कोणी म्हणत नाही. पळोटे म्हणतात. पळून आलेले. शाळेच्या दाखल्यावरही तेच, बाजारातही तेच. माझ्या वर्गातल्या मुली माझ्या डब्यात डोकावून म्हणायच्या, पळोटी भाजी काय आणली गं आज? त्यांना त्यात वाईट काही वाटायचं नाही. ते आमचं नावच आहे असं त्या समजत होत्या.

शर्वरी नाबर नावाची एक बाई आमच्याकडे आली ती त्याच्या आदल्या वर्षी. पुण्याची. ही भाषा नेमकी कुठल्या कुठल्या गावांत बोलतात आणि तिच्यात डोंगराला, नाल्याला, दगडाला काय नावं आहेत, ते तिला लिहून घ्यायचं होतं. मला मराठी चांगलं येतं म्हणून तिने मला सोबत घेतलं. आम्ही सगळी गावं पायी फिरलो. काही गावांत माणसं म्हणाली, आता इथे कोणी बोलत नाही बाई, सगळे मराठीच बोलतात. ती गावं ताईंनी सोडून दिली. बाकीच्यांचा त्यांनी एक मोठा नकाशा केला. तेमर गावं आणि तेमर नावं. तो बघितला तेव्हा मला आतून काहीतरी झालं. आमची दरी कागदावर मी पहिल्यांदा बघत होते.

पुढे आमच्या ग्रामसभेने दरीवर वनहक्काचा दावा लावला. दरीत बांबू, तेंदूपत्ता, चारोळी, मोह. आमचीच माणसं तोडतात, वेचतात, वाळवतात. पण तेंदूपत्त्याचा ठेका वर्षानुवर्षं वरखेडच्या बापूसाहेबांकडे. दावा मंजूर झाला की पत्ता विकणार ग्रामसभा, आणि बापूसाहेबांचं काही काम उरणार नाही. दाव्याला आम्ही ताईंचा नकाशा जोडला होता. या सगळ्या जागांना आमच्या भाषेत पूर्वीपासून नावं आहेत, म्हणजे आमचा वावर पूर्वीपासून आहे, असं आमचं म्हणणं.

बापूसाहेबांनी हरकत घेतली. हा नकाशा पुण्याच्या बाईने घरात बसून केला. नावं तिनेच पाडली. ही माणसं दुष्काळात डोंगरापलीकडून पळून आली, दरी मूळची वरखेडची. आणि पुरावा काय, तर आमचंच नाव. “पळोटे काहून म्हणतेत साहेब यायले? पळून आले म्हणून. नावातच लिवलं हाय,” असं ते भर सुनावणीत म्हणाले होते.

तेव्हा प्रांतसाहेबांनी ठरवलं की जागेवर जाऊनच बघू. पुरुष तलाठ्याबरोबर दरीच्या पलीकडच्या काठाने चढतील, बायका साहेबांबरोबर नाल्यातून. ताईंच्या नकाशावरच्या जागा दोघांना वेगवेगळ्या दाखवायच्या, नाव विचारायचं, लिहायचं. शेवटी वरच्या झऱ्यापाशी सगळ्यांनी भेटायचं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. बापूसाहेबांनीही हे मान्य केलं. खरं तर त्यांना ते फारच आवडलं. बायकांना काय येतंय, असा त्यांचा हिशोब असणार.

नाल्याच्या पहिल्या वळणावर एक काळा सुळका आहे. साहेबांनी काठीने दाखवलं.

“आळीपाळीने विचारतो. या बाई सांगतील. बाकीच्यांनी गप्प राहायचं.”

झुमकीवहिनीने पदर पुढे ओढला आणि म्हणाली, “बोयटेको.”

“बोयटेको,” मी म्हटलं. “अस्वलाचा दगड.”

“अस्वल बसायचं का इथे?”

झुमकीवहिनीने मान हलवली आणि हळूच काहीतरी म्हणाली. मी सांगितलं, “ती म्हणते, बसायचं नाही, बसतं. आपण जरा जोरात बोलत जाऊ.”

साहेब पहिल्यांदा हसले. बापूसाहेबांच्या माणसांनी मागे वळून बघितलं.

असं करत आम्ही चढत गेलो. सोनायकाकूने मोहाच्या जुन्या झाडांची जागा सांगितली, आईने ओढ्याचा संगम सांगितला, पुन्हा झुमकीवहिनी, पुन्हा सोनाय. पार्बती आत्या मागे राहत राहत दिसेनाशी झाली होती. साहेब थांबूया म्हणाले, पण आईने हाताने चला म्हटलं. ती येईल, तिचा रस्ता आहे.

मी शब्दाला शब्द सांगत होते आणि मनातून फुलत होते. एकही बाई अडखळली नव्हती. बापूसाहेब आता फारसं बोलत नव्हते. एकदोनदा त्यांनी मुद्दाम नकाशात नसलेली जागा दाखवली. तिथे साध्या झुडपाला काय नाव असणार? सोनायकाकू म्हणाली, “हे झुडूप आहे.” मी तेच सांगितलं.

वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कड्याच्या पोटात एक कपार आहे आणि कपारीतून बारा महिने पाणी झिरपतं. खाली दगडातच एक कुंड झालंय. चैत्रात गावच्या विहिरी आटतात तेव्हा आम्ही पाण्याला इथेच येतो. ही जागा ताईंच्या नकाशावर मधोमध होती, सगळ्यांत मोठ्या अक्षरात. दाव्यातही तिच्यावरच सगळ्यात जास्त लिहिलं होतं.

पाळी आईची होती.

“या पाण्याला काय म्हणता?”

आईने ओंजळीने तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं आणि म्हणाली, “इमनाऊ.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

नाऊ म्हणजे पाणी. ते बरोबर. पण या झऱ्याचं नाव झिंगूनाऊ आहे. मी शर्वरीताईंना तेच सांगितलं होतं, बाबांनी तेच सांगितलं होतं, गावातल्या प्रत्येक पुरुषाने तेच. झिंगू आमच्या कुळाचा पहिला माणूस. तहानलेली गाय सोबत घेऊन तो कडा उकरत बसला आणि पाणी लागलं, असं सांगतात. आणि मला त्याच क्षणी आठवलं की मी आईच्या तोंडून हे नाव जन्मात ऐकलेलं नाही. ती सून. आमच्यात सून सासरच्या वडीलधाऱ्याचं नाव घेत नाही, जिवंत असो की मेलेला. घरी ती ‘वरचं पाणी’ म्हणायची, ‘तिकडचं’ म्हणायची. मी ताईंबरोबर इतकी गावं फिरले, इतक्या माणसांना विचारलं, पण माझ्याच आईला तू याला काय म्हणतेस म्हणून विचारायचं मला सुचलं नव्हतं.

“काय म्हणाली?” साहेबांनी विचारलं.

झिंगूनाऊ माझ्या जिभेवर होतं. साहेबांना काय कळणार होतं? पण आई माझ्याकडे बघत होती आणि तिला तो शब्द कळला असता.

“इमनाऊ,” मी म्हटलं. “म्हणजे... त्यांचं पाणी.”

“कोणाचं?”

मी आईला विचारलं. ती म्हणाली, “त्यांचं.”

“त्यांचं,” मी म्हटलं.

“कोनाचं पानी हाय तेही सांगता येत नाही साहेब,” बापूसाहेब म्हणाले, आणि त्यांची माणसं मोठ्याने हसली.

साहेबांनी लिहून घेतलं. थोड्याच वेळात पुरुष आले. पुढे तलाठी, मागे बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ हिरामणकाका, आणखी काही जण. सगळे खूष दिसत होते. बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, झालं ना नीट, अशा. मी मान खाली घातली.

साहेब एका दगडावर बसले आणि दोन्ही कागद मांडीवर ठेवले. एकेका जागेवर बोट ठेवत गेले. “हे जुळतंय. हेही जुळतंय. हे उच्चारात थोडं वेगळं आहे, पण तेच आहे.” असं बराच वेळ चाललं. मग ते थांबले. परत दोन्हीकडे बघितलं.

“हे शेवटचं जुळत नाही.”

“कोणतं?” बाबांनी विचारलं.

“हेच. आपण बसलोय ते. पुरुषांनी एक सांगितलंय, या बाईंनी दुसरंच. मी वाचून दाखवणार नाही आणि कोणी काही सुचवायचं नाही.”

“झालं तं मंग,” बापूसाहेब उठून उभे राहिले. “मुख्य जागेचंच नाव येत नाही. बाकीचं काय, अस्वल अन् मोहाचं झाड, कोनीबी सांगते. ह्या पान्यापाई दावा हाय ना साहेब सारा? लिहा मंग, जुळत नाही.”

“लिहितो,” साहेब म्हणाले, “पण आधी विचारतो.” ते आईकडे वळले. “बाई, या जागेला दुसरं नाव आहे का?”

मी विचारलं. आई म्हणाली, “आहे.”

“तुम्हाला ते माहीत आहे?”

“आहे.”

“मग सांगा.”

“मी ते घेत नाही.”

मी ते तसंच सांगितलं. साहेब गोंधळले. पुरुषांच्या मात्र एकदम सगळं लक्षात आलं आणि त्यांच्यात चुळबूळ सुरू झाली. बाबा एक पाऊल पुढे आले.

“शेवंतीच्या आई,” ते आमच्या भाषेत म्हणाले, “घे ना. एकदा घे. कोणी काही म्हणणार नाही.”

“घे गं, मी सांगतो घे म्हणून,” हिरामणकाका म्हणाले. ते तिचे मोठे दीर, त्यांच्यासमोर ती कधी मान वर करून बोलायची नाही. “मी मोठा आहे घरात. तुला मोकळीक दिली.”

आईने मान वर केली नाही आणि तोंडही उघडलं नाही.

“दरी जाईल तुझ्यापायी,” मागून कोणीतरी म्हणालं. “वर्षभर गावाने पायपीट केली ती हिच्या एका शब्दावर जाणार.”

“काय चाललंय?” साहेबांनी मला विचारलं. “मराठीत सांग सगळं.”

मी सगळं सांगितलं, कोणी काय म्हटलं ते. आणि सांगता सांगताच माझा संताप होत गेला. मला ही रीतच आवडत नव्हती. शाळेत असताना मी ठरवलं होतं की मी असलं काही पाळणार नाही. नवरा, सासरा, दीर, यांची नावं घेतली की जीभ झडते की काय? मेलेल्या माणसाचं नाव, ज्याला गावात कोणी बघितलंही नाही, त्याच्यासाठी ही बाई सगळ्या गावाचं नुकसान करायला बसली होती. आणि शर्वरीताई लांबून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना ते नाव ठाऊक होतं, त्यांनीच नकाशावर लिहिलं होतं, पण बोलायची परवानगी नव्हती.

मी आईजवळ गेले आणि काहीतरी म्हणाले.

“तू काय म्हणालीस तिला?” साहेबांनी लगेच विचारलं. “तेही मराठीत सांग.”

मला सांगावं लागलं. “मी तिला म्हटलं, आई, घे एकदा. मेलेल्या माणसाला काय कळतंय?”

“आणि ती काय म्हणाली?”

“ती म्हणाली, तुला इथे माझं बोलणं सांगायला उभं केलंय, मला शिकवायला नाही.”

तलाठी हसला. मग माझ्याकडे बघून गप्प झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला आणि सावकाश, मी सांगू शकेन अशा तुकड्यातुकड्याने बोलायला लागले. बाई, तुमच्याकडे काही रीत असेल. मी रीतीला नावं ठेवत नाही. पण माझ्यापुढे दोन वेगळी नावं आहेत, आणि मला वर कळवायचंय की ती एक आहेत. तुम्ही एकदा बोललात की माझं काम झालं. पुन्हा तुम्हाला कोणी विचारणार नाही. हे तुमच्याच भल्याचं आहे.

आईने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “साहेबांना सांग, त्यांचं म्हणणं समजलं. मी नाव घेणार नाही. तसं लिहा म्हणावं.”

“लिहा साहेब, लिहा,” बापूसाहेब म्हणाले. “पळोट्यायचं असंच असते. अंगावर आलं का मुकाट. अन् नाव येत असतं तं घेतलं नसतं काय? येतच नाही.”

आई वळली. आतापर्यंत ती आमच्याच भाषेत बोलत होती आणि मी सांगत होते. बापूसाहेबांकडे वळली तेव्हा तिने माझी वाट बघितली नाही. तिला बाजारापुरतं मराठी येत होतं, त्यांच्याच गावच्या बाजारातलं, आणि ते ती त्यांच्याशी बोलली.

“बापू,” ती म्हणाली, “तुमच्या बापाचं नाव काय?”

“काहून?”

“सांगा ना. साहेब लिवून घेतीन.”

“नारायनराव. सारा मुलूख जानते.”

“तुमच्या घरची बाई घेते काय हे नाव?”

बापूसाहेबांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी काही मदत केली नाही. तेही उत्तराची वाट बघत होते.

“नाही घेत,” बापूसाहेब म्हणाले.

“येत नाही काय तिले?”

“येते ना. येत कसं नाही?”

“मंग?”

“रीत हाय आमची. सून नाही घेत सासऱ्याचं नाव. आमची गोष्ट अलग हाय. आमचं गाव हाय ते. बापजाद्याचं घर हाय तिथं.”

“तेच म्हनतो मी,” आई म्हणाली. “माह्यंबी हाय.”



“तुम्ही म्हनता पळून आले,” आई पुढे म्हणाली. तिला शब्द शोधावे लागत होते, पण ती थांबली नाही. “पळून आलेल्या बाईले इथं कोनाचं नाव टाळा लागते? कोन असते तिचा इथं? ज्यानं हे पानी काढलं तो माह्या सासऱ्याच्याबी आज्याच्या वरचा. म्या त्याले पाह्यला नाही. माह्या सासूनं पाह्यला नाही. तिनं नाव नाही घेतलं, तिच्या सासूनं नाही घेतलं. म्या घ्यू? तुमच्या हरकतीसाठी?”

मग ती साहेबांकडे वळली आणि परत आमच्या भाषेत आली. मी डोळे पुसले आणि सांगायला लागले.

“ती म्हणते, साहेब, पुरुषांनी जे नाव सांगितलं ते खरं आहे. मी सांगितलं तेही खरं आहे. तुम्ही कुठल्याही सुनेला विचारा, ती माझं नाव सांगेल. कुठल्याही लेकीला विचारा, ती त्यांचं सांगेल. पण मला ते बोल म्हणू नका. ती म्हणते, मी बोलले तर मी इथली नाही असं होईल.”

साहेबांनी कागद परत उचलला आणि सोनायकाकूला पुढे बोलावलं. तिने हळू आवाजात ‘इमनाऊ’ सांगितलं. झुमकीवहिनीनेही तेच सांगितलं.

“आणि लेक? इथे गावची लेक कोण आहे? ही सोडून,” माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले.

तेवढ्यात पार्बती आत्या काठी टेकत वर पोचली. ती बाबांची चुलत बहीण, विधवा झाल्यावर माहेरी परत आलेली. वळणावळणावर बसत बसत आली होती, त्यामुळे इथे काय घडलं याचा तिला पत्ता नव्हता. सगळे एकदम तिच्याकडे बघायला लागले तशी ती बावरली. साहेबांनी सगळ्यांना तोंडावर बोट ठेवून गप्प केलं आणि मला म्हणाले, “तिला फक्त एवढंच विचार, ही जागा कोणती.”

मी विचारलं.

“ही?” आत्या धापा टाकत म्हणाली. “ही झिंगूनाऊ. दुसरी कोणती असणार? इतकं चढवून आणलंत, पाणी तरी पिऊ द्या.”

साहेबांनी तलाठ्याचा कागद बापूसाहेबांपुढे धरला. बापूसाहेबांनी तो वाचला, किंवा वाचल्यासारखं केलं. “हे तं सारं ठरवूनच आलेत,” ते म्हणाले. पण ते कोणाशी बोलत नव्हते. थोड्या वेळाने ते आणि त्यांची माणसं आमच्याआधीच खाली निघून गेली.

दावा लगेच मंजूर झाला नाही. वर जाऊन पडून राहिला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी मिळाला तेव्हा दरीचा वरचा एक भाग तोडलेला होता. त्यासाठी आमचं गाव अजून भांडतंय. पण झरा आमच्याकडे आला, आणि आदेशात त्याची दोन्ही नावं आहेत. पुढच्या हंगामापासून तेंदूपत्ता ग्रामसभेने विकला. बापूसाहेबांनी दुसरीकडचे ठेके घेतले. त्यांचं फार काही बिघडलं असं नाही.

शर्वरीताईंचा नकाशा मात्र मोडला. त्यांनी स्वतःच तो मोडला. त्या म्हणाल्या, मी निम्म्याच माणसांना विचारलं होतं. आम्ही सगळी गावं पुन्हा फिरलो, या वेळी आधी सुनांकडे. किती जागांना दुसरी नावं निघाली. कुठे ‘त्यांचं’, कुठे ‘थोरल्यांचं’, कुठे नाव टाळायला म्हणून केलेला असा शब्द की जो भाषेत दुसरीकडे कुठेच नाही. जिथे आता कोणी बोलत नाही असं पुरुषांनी सांगितलं होतं, त्या गावांतही गेलो. पुरुष चावडीवर पुन्हा तेच म्हणाले. आम्ही पाणवठ्यावर गेलो. तिथल्या बायका आपसात आमचीच भाषा बोलत होत्या, फक्त कोणी आलं की थांबत होत्या. त्यांची गावंही नकाशावर आली. आणि वर मोठ्या अक्षरात भाषेचं नाव, तेमर. ताईंनी खाली बारीक अक्षरात मैदानातल्या गावांनी पाडलेलं दुसरं नावही द्यावं, अशी कोणीतरी सूचना केली होती, माहितीसाठी. ताईंनी ती फेटाळली.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी आम्ही उतरलो तेव्हा पुरुष पुढे गेले होते. बाबा मागे वळून न बघता चालले होते. राग अजून गेला नव्हता की शरम वाटत होती ते मला कळलं नाही. हिरामणकाका जाता जाता आईजवळ थांबले, काहीतरी बोलायचं होतं बहुतेक, पण ते घसा खाकरून तसेच पुढे गेले. सोनायकाकू आणि झुमकीवहिनी पार्बती आत्याला दोन्हीकडून धरून आणत होत्या आणि आत्या सारखी विचारत होती, अगं, पण झालं काय?

मी आईच्या बरोबर चालत होते. अजून तिच्यावर थोडी रागावलेलीच होते. तिचं बरोबर ठरलं म्हणून माझं चुकलं असं मला वाटत नव्हतं.

“आई,” मी म्हटलं, “तू जिंकलीस ते ठीक आहे. पण मी सांगून ठेवते. माझं लग्न झालं ना, की मी सगळ्यांची नावं घेणार. नवऱ्याचं, सासऱ्याचं, दिराचं. तोंडावर घेणार.”

मला वाटलं ती थांबेल, रागावेल. ती चालतच राहिली. उतारावर एक निसरडा दगड होता. तिथे तिने मला हात दिला आणि मी खाली आल्यावर सोडला.

“घे की,” ती म्हणाली. “पण कोणी घे म्हणालं म्हणून घेऊ नकोस.”